चुंबक पडला नाही

नाशिक,
१७ मे

प्रिय बाळ्या,

तुझे मेसेज पोचले, त्यातली शिवीही पोचली. उत्तर दिलं नाही. आधी हात भरलेले होते, मग लाज वाटायला लागली, मग लाजेचीही सवय झाली. प्रकृती ठीक. शुगर गोळ्यांच्या धाकात आहे. ही माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम. फोन केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि हे मला सलग सांगायचंय.

अण्णांना माहीत होतं.

कशाबद्दल ते तुला कळलं असेलच. आता नीट बस आणि ऐक.

अण्णांची ती जुनी फियाट माझ्या अंगणात लावून तू हैदराबादला पळालास तेव्हा म्हणाला होतास, "फक्त रंग मारून घे रे, अण्णांच्या वेळेसारखी क्रीम." फक्त रंग! रंग मारणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, लेका. त्याआधी जे असतं त्यात माणूस म्हातारा होतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती मातीने बुजलेली. काचेच्या फटीतून उतरलेलं पावसाचं पाणी तिथेच बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून बघावं तर रंगाला जरासा फुगवटा. मी स्क्रूड्रायव्हरने टोचायला गेलो, तो मुठीपर्यंत आत. पायाखालच्या रबरी मॅट उचलल्या तर खालची फरशी दिसली. ज्या गाडीला अण्णा कोर्टात जायच्या आधी रोज फ्लॅनेलचं फडकं मारायचे, ती ते गेल्यावर तुमच्या पोर्चमध्ये किती पावसाळे तशीच उभी होती, ते मी काढत नाही. (काढलंच.)

तू म्हणशील, बाहेर का नाही दिलीस? दाखवली होती. एकजण गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "काका, सगळीकडे लांबी भरून चकाचक करून देतो, आठ दिवसांत." ते 'लांबी भरून' ऐकलं आणि गाडी परत आणली. लांबी म्हणजे पुट्टी, ती पत्र्यावरच्या बारीक खरचट्यांसाठी, दोन-तीन मिलिमीटर, बस्स. त्याहून जाड भरली तर कधी ना कधी तडकते. शिवाय ती पाणी शोषते, खाली गंज धरतो आणि वर्षभरात फोड येतात. पोचा आधी ठोकून बाहेर काढायचा असतो. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हातोडी, हळूहळू, कडेकडून मध्याकडे. घाईने मारलं की पत्रा ताणला जातो आणि मग डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजत राहतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस मी, मला वाटलं होतं हे जमेल. जमतंय, पण पत्रा हा बिलंदर प्राणी आहे.

आणि जुना रंग कोरडा घासायचा नाही. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, धूळ नाकात जाते. म्हणून पाणी लावून वॉटर पेपर. पण ओला झालेला उघडा पत्रा तासाभरात तांबूस पडायला लागतो. म्हणजे घास, पूस, वाळव, लगेच प्रायमर मार. आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. संध्याकाळी घरात शिरलो की ही विचारते, "रंगपंचमीच्या रंगभरल्या रहाडीतून थेट इकडेच आलात का?"

तर चुंबक. पत्रा उघडा करायच्या आधी कुठे किती लांबी आहे ते बघायला चुंबक फिरवतात. ताईने शिर्डीहून आणलेला फ्रिजवरचा घेतला. जिथे पत्रा आहे तिथे बसतो, लांबीचा थर जाड असेल तिथे घसरून पडतो. उजव्या दारावर पडला. बॉनेटच्या नाकावर पडला. डाव्या मागच्या मडगार्डकडे मी मुद्दाम शेवटी गेलो, कारण तिथे पडणारच होता. तिथली लांबी आपल्या डोळ्यांदेखत भरली गेली होती, भद्रकालीत, रात्री साडेअकराला, तुझं एचएमटी घड्याळ विकून आलेल्या पैशांत.

चुंबक टक्क करून बसला.

जरा खाली सरकवला, बसला. वर, बसला. मला वाटलं बाजू चुकलो. बाजू कशी चुकेन? सोमेश्वरच्या वाटेवर आपण गाडी आदळली तो मैलाचा दगड कुठल्या बाजूला होता ते मी मेलो तरी सांगेन. स्टिअरिंगवरचा गिअर पहिल्याला टाकतोय असं समजून ज्याने रिव्हर्सला टाकला तो मी नव्हतो, हेही मेलो तरी सांगेन. तू छत्तीस वर्षं लोकांना उलटं सांगत आलायस. गॅदरिंगच्या नाटकाचे कपडे मागच्या सीटवर होते, मी त्यांच्यावर बसलेलो होतो, आणि माझ्या डोक्यावर राजाचा टोप होता. टोप घालून कोणी गाडी चालवतं का?

असो. थिनरमध्ये फडकं भिजवून मडगार्डवर चोळलं. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर थिनरने विरघळतो, फडक्यावर उतरतो. आधी क्रीम उतरला. गाडीवर बाकी कुठेही चोळलं की क्रीमखालून करडा येतो, कंपनीचा, १९७१ चा. इथे करडा आलाच नाही. क्रीमखाली थेट प्रायमर, त्याखाली उघडा पत्रा. आणि पत्र्यावर, बाळ्या, कानशीचे ओरखडे, सगळे एका दिशेने, आणि मधोमध तळहाताएवढ्या जागेच्या कडेने पितळी झाळीची पिवळी रेघ. कोणीतरी आपली सगळी लांबी खरवडून काढली होती. दगडाने फाटलेला पत्रा जुळवून झाळला होता. हा मडगार्ड बॉडीलाच वेल्ड केलेला असतो, सुटा होत नाही, म्हणून डिकीत शिरून आतून ठोकून काढला होता. मी स्टेपनी काढून टॉर्च घेऊन आत गेलो. डिकीच्या आत क्रीम मारलेलाच नाही, अजून करडाच आहे. त्या करड्यात झाळीच्या आचेने जळलेला एक काळसर गोल, त्यावर ब्रशने फासलेलं रेडऑक्साइड. झाळताना लावतात तो फ्लक्स नीट धुतला नाही तर त्यावरचा रंग टिकत नाही, फुगतो. इथे इतक्या वर्षांत एक फोड नाही. कोण कारागीर होता कोण जाणे. भद्रकालीतला आपला तो नक्कीच नव्हे.

मी डिकीतच बसून राहिलो. हिला वाटलं चक्कर आली.

मग आरसी पुस्तक काढलं, ते जुनं, कापडी पाठीचं. रंग: करडा. त्याखाली बदल: क्रीम, आरटीओचा शिक्का. शिक्का जुलै १९८९ चा. आता आठव. गॅदरिंग फेब्रुवारीत. ताईचं लग्न ठरलं दिवाळीनंतर, झालं पुढच्या वर्षी. आपण आयुष्यभर काय समजत आलो? ताईच्या लग्नासाठी अण्णांनी गाडी क्रीम केली. लग्नात ते स्वतः सगळ्यांना सांगत होते, "लग्नघराला करडी गाडी शोभत नाही हो." त्या जुलैत ताईला बघायलाही कोणी आलेलं नव्हतं रे! सबंध नाशिकच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेणारा माणूस, मांडवात उभा राहून बेधडक खोटं बोलत होता.

आणि सबंध गाडी का रंगवावी, हे मला आत्ता स्वतः रंग जुळवायला बसल्यावर कळलं. अठरा वर्षं उन्हात उडालेल्या करड्याला नवीन करडा जुळत नाही. मी डिकीतल्या करड्यावरून नमुना बनवून आणला होता, पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. ट्यूबलाइटखाली तंतोतंत. सकाळी अंगणात नेला तर भलताच निळा. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. आपण त्या रात्री कशाखाली बघितलं होतं? ट्यूबलाइटखाली. "कळतच नाही" म्हणालास, आणि मीही मान डोलावली. अण्णांनी दुसऱ्या दिवशी बघितलं ते सकाळी साडेनऊच्या उन्हात, हातात फडकं घेऊन. मला स्पष्ट आठवतंय, गाडीला एक फेरी मारून म्हणाले, "धूळ फार बसलीय," आणि आत गेले. आपण मागच्या दारातून पळालो होतो.

तू म्हणशील, अण्णांना टापटीप लागायची, दुसरं काही नाही, ठिगळ खुपलं म्हणून रंगवली. असेल. पण ठिगळ खुपलं असतं तर आधी आपल्या कानफटात बसली असती आणि मग रंग झाला असता. तसं झालं नाही. तू मागे एकदा (महाबळेश्वरला, तुझं तिसरं सरबत चालू होतं) म्हणाला होतास की अण्णांचं तुझ्याकडे कधी लक्षच नव्हतं. मी तेव्हा वाद घातला नाही. आता घालतोय.

खरी अडचण पुढे आहे, आणि तीच मला झोपू देत नाही. रंग कोणता मारू?

गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते. फी वीस हजार, आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तोच राहतो, आणि मग रोज वापरायची नाही, रॅलीला, प्रदर्शनाला किंवा पेट्रोल भरायला काढायची. तशीही ती रोज कुठे चालणार आहे. पण नियम म्हणतो गाडी मूळ रूपात हवी. तो चॅसी, बॉडी, इंजिन यांबद्दल बोलतो, रंगाचं नाव घेत नाही, पण या नादातली माणसं रंगावरच अडतात. सगळ्यांचं एकच, कुर्ल्याच्या कारखान्यातून करडी निघाली ना, मग करडीच कर, क्रीम म्हणजे नंतरची भानगड. एकाने तर ती झाळ कापून नवीन पत्रा वेल्ड कर म्हणून सल्ला दिला. त्याला चहा पाजून वाटेला लावला. झाळ कापणार नाही. ते मी ठरवलंय, तुला विचारत नाही.

पण रंग तुला विचारतोय. करडी केली तर अण्णांनी नंबर लागायची वाट बघून घेतलेली गाडी परत येते. माझ्या आठवणीत ती करडीच जास्त आहे, आपण शाळेत असतानाची. क्रीम केली तर, मी एकदा जेवताना बोलून गेलो, अण्णांचं ते गुपित आपणच त्यांच्या मागे चालू ठेवल्यासारखं होतं. ही म्हणाली, "मग वाईट काय आहे त्यात?" आणि वर म्हणाली, लाल करा. हिचं मत बाद.

घाई अशी आहे. मी पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार नाही. चकाकी चांगली येते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासावाटे गेलं तर दम्याचं लोढणं गळ्यात. साधा मास्क उपयोगाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. शिवाय जिथे जुना एनसी शिल्लक आहे तिथे पीयू वरून मारला की खालचा सुरकुततो. मी जुन्या पद्धतीने एनसीच मारणार. पातळ हात, मधे वाळू द्यायचं, हजारच्या आणि पंधराशेच्या पेपराने पाणी लावून घासायचं, मग रबिंग. कष्ट आहेत, पण चुकलं तर दुरुस्त होतं. त्याला एकच वैरी, दमट हवा. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग पांढुरका पडतो. म्हणजे मृग लागायच्या आत हात मारून झाले पाहिजेत. सध्या अंगणात प्लास्टिकचा तंबू ठोकलाय, धूळ उडू नये म्हणून खाली पाणी मारतो. शेजारच्यांनी विचारलं, सिंहस्थाला साधू उतरवताय का? तेवढी एक करमणूक.

बाकी तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन केलंस की अजून तेल चोळतोयस? चिनूला नोकरी लागल्याचं ताईकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, तिला माझे आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग. गणपतीत येणार म्हणालायस ते लक्षात आहे. तोवर गाडी चालती असेल. इंजिनाला काही झालेलं नाही, अण्णांसारखंच आहे, आधी खाकरतं आणि मग अर्धा तास थांबत नाही.

रंगवाल्याला नमुना पुढच्या रविवारपर्यंत द्यायचाय. करडी की क्रीम, एक शब्द लिही. मेसेजवर लिहिलंस तरी चालेल. आणि गाडी कोण चालवत होतं तेही लिही. खरं.

तुझा,
नंदू

ता. क. ताईला यातलं काहीही सांगितलेलं नाही. गाडी आपल्या लग्नासाठी रंगवली, असं ती अजून कौतुकाने सांगते, परवा माझ्या सुनेलाही सांगत होती. तो समज राहू द्यायचा की कसं, तू तिचा भाऊ आहेस, तू ठरव.