पाणबुडीतून वीज केंद्राकडे जाताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाल्यापासून आपल्याकडे जमीन, पैसा आणि परदेशी तंत्रज्ञान यांवर भरपूर लिहून येते आहे. पण एवढ्या अणुभट्ट्या चालवायला माणसे कुठून आणायची, यावर कुणी फारसे बोलत नाही. मी अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्राच्या प्रशिक्षण विभागात काम करतो. इथे नौदलातून आलेले सहकारी पावलोपावली भेटतात, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेचे नौदल आणि तिथली अणुवीज ही एकाच घरातली भावंडे. नौदलाचा अणुकार्यक्रम उभारणारे ॲडमिरल रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली तयार झालेली नॉटिलस पाणबुडी १९५५ मध्ये अणुशक्तीवर निघाली आणि त्यांच्याच हाताखाली उभे राहिलेले शिपिंगपोर्टचे वीज केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले. आजही नौदलात अणुभट्टी चालवणार असलेल्या मुलांना साउथ कॅरोलायनातल्या गूस क्रीक येथे साधारण सहा महिने वर्गात बसवतात, मग जवळपास तेवढाच काळ चालू भट्टीवर उमेदवारी आणि त्यानंतर समुद्र. तिथली काही वर्षे भरली की किनाऱ्यावर नेमणूक मिळते. कुणी भरती कार्यालयात जातो, कुणी गोदीत, कुणी मुख्यालयातल्या टेबलावर, तर कुणी न्यूयॉर्क राज्यातल्या बॉलस्टन स्पा किंवा साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या जमिनीवरच्या प्रशिक्षण भट्टीवर शिकवायला. घरच्यांना वेळ देता येईल एवढाच विचार करून बरेचजण ही पोस्टिंग मागतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त पुढे नागरी नोकरीच्या मुलाखतीत तो काळ कुठे घालवला हे लपत नाही.

मुलाखतीत मी फळ्यावर प्रेशरायझर, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणारी टाकी, काढायला सांगतो आणि विचारतो, ‘दाब घसरतोय, पण पाण्याची पातळी चढतेय. काय झालं असेल?’ भरती कार्यालयातून आलेला मुलगा हुशारच असतो, पण आठवून आठवून बोलतो. प्रशिक्षण भट्टीवर शिकवून आलेला चटकन सांगतो की वरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारी झडप, उघडा राहिला असणार. मग उलट मलाच विचारतो, ‘तुमच्या पॅनेलवर व्हॉल्व्हची खरी स्थिती दिसते, की फक्त बंद करायचा सिग्नल गेल्याचं दिसतं?’ नवख्या पोरांची तोंडी परीक्षा रोज घेणाऱ्यालाच असा प्रश्न सुचतो. गोदीत काम केलेल्यांची गोष्ट वेगळी. इंधन बदलण्यासाठी केंद्र बंद ठेवतात तेव्हा शेकडो कामांची सांगड घालावी लागते, आणि त्यात ही मंडळी सगळ्यांना भारी पडतात.

व्हॉल्व्हचा प्रश्न मी उगाच विचारत नाही. २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत नेमके हेच घडले. त्या पाळीतले नियंत्रण कक्षातले चौघेही नौदलात तयार झालेले होते. प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही, हा धडा त्यांच्या अंगात मुरलेला. पाणबुडीच्या छोट्या भट्टीत तो ठीक होता, कारण ती बंद केल्यावर मागे उरणारी उष्णता कमी असते. मोठ्या केंद्रात मात्र गाभा, म्हणजे भट्टीतले इंधन, पाण्याखाली राहणे सर्वांत महत्त्वाचे. उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी निघून जात होते, पण प्रेशरायझरची पातळी चढताना पाहून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. म्हणजे नौदलातली सवय कधी अंगाशीही येते, आणि शिक्षक म्हणून ती आणखी घट्ट होऊ शकते. म्हणूनच इथे नौदलातली पात्रता भट्टी चालवण्याच्या वरिष्ठ लायसनसाठी अनुभव म्हणून धरतात, पण लायसन आयते मिळत नाही. दीड-दोन वर्षे वर्ग, लेखी परीक्षा आणि त्याच केंद्राच्या सिम्युलेटरवरची चाचणी कुणालाच चुकत नाही. पाण्यात बोरॉन मिसळून भट्टी ताब्यात ठेवणे तर नौदलातून आलेल्याला बहुधा नव्यानेच शिकावे लागते.

आता आपल्याकडे या. अरिहंत आणि अरिघात या अणुपाणबुड्या नौदलात दाखल झाल्या आहेत आणि त्या भट्टीची जमिनीवरची प्रतिकृती कल्पाक्कमला आहे. बॉलस्टन स्पासारखी सोय आपल्याकडेही आहे, असा त्याचा अर्थ. पाणबुडीतली भट्टी दाबयुक्त साध्या पाण्याची. कुडनकुळम आणि प्रस्तावित जैतापूर त्याच जातकुळीतले. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या जड पाण्याच्या, भट्टी चालू असतानाच इंधन बदलणाऱ्या. तिथे या अनुभवाचा उपयोग तुलनेने कमी. त्यामुळे कोणाला कुठे पाठवायचे, हे आधीच ठरवायला हवे.

नौदलातून चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होणारा आपला माणूस बहुतेक वेळा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा दिसतो. अणुपाणबुडी चालवलेल्याच्या नशिबी तरी ते येऊ नये. शेवटची किनाऱ्यावरची नेमणूक शक्य तेथे कल्पाक्कमला, शिकवण्याच्या कामावर द्यावी. किती तास वॉच, म्हणजे भट्टीवरची पाळी, केला, कोणत्या परीक्षा दिल्या, याचा दाखला अणुऊर्जा नियामक मंडळ मानेल अशा नमुन्यात द्यावा. भट्टीची रचना गुप्त राहो, पण माणसाच्या कामाचे तास गुप्त ठेवायचे कारण नाही. आणि जैतापूरच्या पहिल्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यात ‘नौदलातील अणुभट्टीवरील अनुभव ग्राह्य’ अशी एक ओळ असावी.

आपला,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया