फिरता चषक

वेस्ट कर्बी,
25 जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. एक गोष्ट मनाला लागून राहिली होती, ती निस्तरल्याशिवाय तुला लिहायला हात उचलत नव्हता. दिवाळीत मी तुला चांदीच्या कपाचा फोटो पाठवला होता, आठवतो? तो कप माझा नव्हता.

नीट सांगतो. इथली गोल्फ सोसायटी म्हणजे आपली घरांची सोसायटी नव्हे. स्वतःचं मैदान नसलेली हौशी मंडळी वर्गणी काढतात आणि दर महिन्याला वेगळ्या कोर्सवर जाऊन खेळतात. आम्ही अठ्ठावीस जण आहोत. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात सामने. प्रत्येक सामन्यात पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6, असं उतरत जायचं. जो नुसता येऊन अठरा होल, म्हणजे मैदानावरचे अठराही टप्पे, पुरे करतो, त्यालाही 1. सातांपैकी सर्वांत चांगले पाच सामने धरायचे आणि ऑक्टोबरात ज्याची बेरीज मोठी, त्याच्याकडे फिरता चषक वर्षभर राहतो. लाकडी बैठकीवर दर वर्षाच्या विजेत्याची छोटी चांदीची पट्टी. गुणांची वही गेली चार वर्षं माझ्याकडे आहे.

एका दिवसाच्या बक्षिसापेक्षा मला हा चषक मोठा वाटतो. एखाद्या सकाळी वारा साथ देतो, चेंडू झाडावर आपटून पुन्हा गवतात येतो, आणि कुणीही जिंकतो. सात महिने पावसापाण्यात येत राहणाऱ्या माणसाची कदर मात्र फक्त त्या वहीत होते.

आणि ही कदर ज्या पद्धतीमुळे शक्य होते, ती आमच्या शेजारचीच. वॉलसी इथून गाडीने फार लांब नाही. तिथल्या क्लबातले डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हे शल्यचिकित्सक. 1931 साली दुसऱ्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, सराव करताना त्यांच्या मनात आलं की पहिले दोन-चार होल बिघडले की लोक कार्ड फाडून टाकतात, खेळण्यातली मजाच जाते. मग 16 मे 1932 ला त्यांच्या पद्धतीने वॉलसीत स्पर्धा झाली. पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके. पारला 2 गुण, एक फटका जास्त लागला तर 1, एक कमी लागला तर 3, आणि दोन किंवा अधिक जास्त लागले तर शून्य. अठरा होलांची ही बेरीज म्हणजे त्या दिवसाचे गुण, त्यावरून सामन्यातला क्रम. एक होल हातचा गेला तर गेला, पुढचा नव्याने खेळायचा. त्यात हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलत, धरला की माझ्यासारखा आणि ऐन तिशीतला शिक्षक एकाच तक्त्यात बरोबरीने उभे राहतात.

आता तो कप खरा ज्यांचा होता, त्या माणसाबद्दल. वय 74, आयुष्य बर्कनहेडच्या गोदीत गेलं. मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणतो. मी नवा आलो तेव्हा कुणाला ओळखत नव्हतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या थर्मासमधला चहा अर्धा मला दिला होता. हँडिकॅप 24, म्हणजे प्रत्येक होलला एक फटका सवलत आणि सगळ्यांत अवघड सहा होलना दोन. अशा अवघड, पार चारच्या होलला ते सहा फटक्यांत पोचले की पुरे 2 गुण. ते घाई करत नाहीत, बरोबर सहाच घेतात.

जूनच्या सामन्यात आम्हा दोघांचेही 35 गुण झाले. बरोबरी झाली तर कार्डावरच्या शेवटच्या नऊ होलांवरून, म्हणजे 10 ते 18 वरून निकाल लावायचा, असा आमचा नियम. त्या दिवशी गर्दीमुळे निम्मे लोक दहाव्या होलपासून सुटले, त्यांत मीही होतो. मी माझे शेवटी खेळलेले नऊ धरले, 1 ते 9, त्यांत 19. काकांचे 10 ते 18 मध्ये 18. मी स्वतःला पहिला लावला, काकांना दुसरे. खरं तर माझे 10 ते 18 मध्ये 16 होते.

ऑक्टोबरात वर्षाच्या बेरजेत माझे 41 झाले, त्यांचे 40. कप माझ्या घरी आला. जानेवारीत जुनी कार्डं आवरताना जूनची दोन हाताशी आली, सहज पुन्हा बेरीज केली आणि हातपाय गळाले. खरा हिशेब माझे 39, त्यांचे 42.

अध्यक्षांना त्याच रात्री फोन केला. काल कप घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक होल वाचलं, बेरीज स्वतः केली. मग म्हणाले, "अठराव्यावर माझा लांबचा पट पडला होता, तुला आठवतो?" पट म्हणजे चेंडू खड्ड्यात ढकलण्याचा हलका फटका. मला आठवत नव्हता. त्यांना चेंडू कुठून कसा वळला तेही आठवत होतं. एवढा वेळ ते फक्त त्या पटबद्दल बोलले. उठताना कप घेऊन त्यांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, तिथून बंदर दिसतं.

माझ्या नावाची पट्टी काढायला नक्षीवाला तयार आहे. नवी पट्टी माझ्या खर्चाने करतोय. वही मी परत देऊ केली, पण काका म्हणाले की वही तुझ्याकडेच असू दे, बरोबरीच्या वेळी मी शेजारी बसेन. पहिला सामना 12 एप्रिलला आहे.

तो फोटो तू आईला दाखवला होतास. तिला हे सगळं माझ्या आधी सांगू नकोस, रविवारी फोन करून मीच सांगेन. येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या भिंतीबाहेरून आपण सायकलने जायचो, तिथून अजून जातोस का, तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद