जुन्या कम्प्युटरची वायर मी काढली आहे

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघताना मी जुन्या कम्प्युटरची नेटची वायर काढून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. सांगून निघायला पाहिजे होतं. तुमचा चेहरा पाहून धीर झाला नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं चालला, मग आताच काऊन? वायर चांगली आहे, राऊटरही. लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे जुन्याला हाक मारून पाहिली, तर चारही उत्तरं आली. नेटवर्क 'पब्लिक' होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. लाईन गेली-आली की जुन्याचा नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा, तोही पक्का करून दिला. तरी लॅपटॉपवर जुन्याचं फोल्डर उघडेना. जुन्यावरच्या विंडोज एक्सपीला फाइली द्यायची-घ्यायची एकच जुनी पद्धत येते, एसएमबी-1, आणि नव्या विंडोजमध्ये ती बंदच असते. मला ती सुरू करता आली असती, हे खरं. पण 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच वाटेनं जगभरच्या कम्प्युटरांत शिरला, फाइलींना कुलूप लावून पैसे मागितले. तुमच्या लॅपटॉपवर बँक आहे, पीककर्जाचे कागद आहेत. शकूआत्याच्या वेळेस भोगलं ते पुन्हा नको, बाबा.

कम्प्युटर कुठंच जात नाही. वावराचा हिशोब, आजोबांचे टाईप केलेले अभंग, सगळं त्यातच आहे. आई, तू विणलेलं कव्हर त्याच्यावरच राहू दे. त्याच्या पंख्याची घरघर ऐकत मी तुमच्या मांडीवर झोपायची, बाबा. एंटर दाबायचं काम माझं होतं, आठवते ना?

आता नीट ऐका. फाइल न्यायची तर निळा पेनड्राईव्ह. लॅपटॉपला लावला की आधी राईट क्लिक करून स्कॅन, मगच उघडायचा. ओढून काढू नका. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ त्यावर बसत नाही, चार जीबीच्या वरचा आहे. तो दिवाळीत आल्यावर मीच काढून देते. आणि कोणी आलं तरी त्याच्याकडून वायर परत लावून घेऊ नका. आई, बाबांची बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहासोबत नाही.

रविवारी फोन करते. रागावायचं असेल तर तेव्हा रागवा, पण फोन उचला.

तुमची,
छकुली