‘नाटकं करते’ म्हणण्याआधी

महोदय,
माझ्या भाचीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा भावना सावरणं आणि नाती टिकवणं अवघड करणारा मानसिक आजार आहे. हळदीकुंकवाला कोणी ‘नाटकं करते’ म्हणालं, की ती ताटावर बसतच नाही. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाने अशा २९० रुग्णांचा १९९२ पासून पाठपुरावा केला. चोवीस वर्षांत सुमारे ६ टक्के रुग्णांनी आत्महत्या केली, म्हणजे धोका खराच. पण दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली राहिली! नोकरी आणि नाती पुन्हा उभी करणं मात्र जेमतेम निम्म्यांना जमलं. मदत तिथेच हवी, तीही वर्षानुवर्षं. इंदूरच्या सरकारी रुग्णालयांत डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही तीव्र भावना सावरायला शिकवणारी उपचारपद्धती हिंदी-मराठीतून मिळावी. मन फार खचलं तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, घरात लिहून ठेवा.

– एक मावशी, लोकमान्यनगर, इंदूर