शक्यतेचा आकडा छापताना त्याची अट पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाची शक्यता ७० टक्के, अमुक उमेदवार जिंकायची शक्यता ६० टक्के, तमुक गोळीनं धोका दुप्पट, अशा बातम्या आता जवळजवळ रोज असतात आणि त्या असायलाच हव्यात, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच आहे की आकडा ठळक छापला जातो आणि तो कशापैकी, किती काळात, काय गृहीत धरून काढलाय हे मात्र गाळलं जातं, बहुतेक जागा कमी पडते म्हणून. संभाव्यतेत नेमकं तेच गाळून चालत नाही. अट काढून टाकली की वाचणारा आपल्या मनानं कुठलाही अर्थ लावतो आणि तोच पुढे चार जणांना सांगतो.

शाळेत आपण सगळेच शिकलोय की फासा टाकला की सहा शक्यता, त्यातल्या हव्या त्या मोजायच्या आणि एकूण शक्यतांनी भागायचं, उत्तर शून्य म्हणजे होणारच नाही आणि एक म्हणजे होणारच. पण ह्यात एक मोठी अट आहे, सगळे पर्याय सारखेच संभवणारे पाहिजेत. जिंकेल किंवा हरेल, दोनच पर्याय, म्हणजे फिफ्टी फिफ्टी, असं जे लोक बिनधास्त बोलतात ते ही अट विसरून. आणि पर्याय नीट मोजण्यात तर भले भले अडकलेत. तीन फाशांची बेरीज ९ येण्याचे गट सहा आणि १० येण्याचेही सहाच, मग जुगाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसतो, हा प्रश्न गॅलिलिओपर्यंत गेला होता. त्यानं फासे वेगवेगळे धरून मोजले, म्हणजे १-२-६ हा गट सहा तऱ्हांनी पडू शकतो पण ३-३-३ फक्त एकाच तऱ्हेनं, आणि मग एकूण २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ निघतात. एवढासा फरक पण लोकांनी नुसतं खेळून खेळून तो ओळखला होता, ह्याचं मला फार कौतुक वाटतं. उलट दालाँबेरसारखा मोठा गणिती, त्यानं १७५४ मध्ये लिहिलं की नाणं दोनदा उडवल्यावर निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३, कारण पहिल्याच वेळी छापा आला की खेळ संपला, म्हणजे प्रकार तीनच. खरं उत्तर ३/४ आहे, कारण ते तीन प्रकार सारख्या वजनाचे नाहीतच.

आता बेरजेचा नियम घ्या. शनिवारी पावसाची शक्यता ५० टक्के आणि रविवारी पण ५० टक्के, तर वीकेंडला पाऊस येण्याची शक्यता किती? पटकन १०० म्हणणारे खूप भेटतील. दोन घटना एकत्र घडूच शकत नसतील तरच नुसती बेरीज चालते, नाहीतर दोन्ही घडण्याचा भाग दोनदा मोजला जातो, तो एकदा वजा करावा लागतो. पत्त्यांच्या कॅटमधून राजा किंवा बदाम निघायची शक्यता ४ अधिक १३ नाही, बदामाचा राजा दोन्हीकडे आहे म्हणून १६, भागिले ५२. पावसाच्या बाबतीत तो मधला भाग किती हे त्या दोन आकड्यांवरून कळतच नाही! दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर उत्तर ७५ टक्के. एकच ढगांची रांग दोन्ही दिवस राहणार असेल, आली तर दोन्ही दिवस आणि नाही आली तर एकही दिवस नाही, तर उत्तर ५० टक्केच. आणि एकच सर यायचीय पण ती शनिवारी की रविवारी एवढंच माहीत नाही, तर मात्र १०० टक्के. आकडे तेच दोन आणि उत्तरं तीन, तिन्ही बरोबर. म्हणून मी म्हणतो की संबंध काय धरलाय ते सांगा.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" ह्या शब्दांबद्दल पण बोलायलाच हवं. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता १ टक्का. पण लोक समजतात की एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत तरी चिंता नाही. अशा वेळी उलटं मोजायचं, एकदाही न येण्याची शक्यता काढायची आणि एकातून वजा करायची. दरवर्षी ०.९९, आणि वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर हे तीस वेळा गुणलं की साधारण ०.७४ उरतात, म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता २६ टक्के. घराचं कर्ज फिटेपर्यंत चारात एक! शंभर वर्षांसाठी ती १०० टक्के नाही, सुमारे ६३ टक्के होते. हेच उलटं मोजणं १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा ह्या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात पण आहे, एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा येण्याची शक्यता ५१.८ टक्के पण दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा येण्याची ४९.१ टक्के, प्रमाण सारखंच ठेवलं (सहा शक्यतांना चार डाव, तसे छत्तीस शक्यतांना चोवीस) तरी एक फायद्याचा डाव आणि दुसरा तोट्याचा.

गुणाकाराच्या नियमाला मात्र नुसता घोळ म्हणून सोडून देता येत नाही, त्यानं एक माणूस तुरुंगात गेला. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईवर आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. एका नामांकित डॉक्टरनं कोर्टात सांगितलं की अशा कुटुंबात बाळ अचानक, कारण न सापडता दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक, मग दोन बाळं दगावण्याची त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. आता दोन शक्यतांचा गुणाकार करायला त्या घटना स्वतंत्र लागतात, एक घडली ह्यानं दुसरीच्या शक्यतेत काहीच फरक पडायला नको. एकाच घरात, एकाच आईवडिलांची दोन भावंडं, तेच जीन्स, तेच वातावरण, तिथे पहिलं मूल असं गेलं असेल तर दुसऱ्याचा धोका वाढलेला असू शकतो हे कुणालाही पटेल. आणि दुसरी चूक त्याहून वाईट. तो आकडा बरोबर जरी धरला तरी तो होता "आई निर्दोष असेल तर असं घडण्याची शक्यता", आणि ऐकणाऱ्यांच्या मनात तो झाला "असं घडलंय म्हणून आई निर्दोष असण्याची शक्यता". ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आईनं दोन बाळांचा खून करणं हेही अतिशय दुर्मिळच असतं ना, मग तुलना एका दुर्मिळ गोष्टीची दुसऱ्या दुर्मिळ गोष्टीशी करायला पाहिजे होती, ती कोणी केलीच नाही. तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून ह्यावर आक्षेप घेतला, आणि २००३ मध्ये ती आई अपिलात सुटली, कारण दडवून ठेवलेला एक वैद्यकीय पुरावा पुढे आला. तीन वर्षांहून जास्त काळ ती आत होती.

ही अट उलटी करायची चूक आपल्या आरोग्याच्या पानावर पण होऊ शकते. एक आजार हजारात एकाला आहे आणि त्याची टेस्ट ९९ टक्के अचूक आहे, आजारी आणि निरोगी दोघांच्याही बाबतीत. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता ९९ टक्के? नाही. दहा हजार लोक घ्या, त्यात आजारी १०, ते बहुतेक सगळे सापडतील. उरले ९९९०, त्यातले एक टक्का म्हणजे साधारण १०० निरोगी लोक चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह ११० मध्ये खरे आजारी १०, जेमतेम ९ टक्के. डॉक्टरांनी लक्षणं बघून टेस्ट सांगितली असेल तर सुरुवातच हजारात एकच्या वर होते आणि उत्तर बदलतं, म्हणून टेस्ट निरुपयोगी असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. हे गणित थॉमस बेज ह्यांच्या निबंधातून आलं, ते १७६१ मध्ये गेले आणि त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस ह्यांनी तो निबंध पाठवला म्हणून १७६३ मध्ये छापून आला. टक्क्यांत सांगितलं तर डोक्यावरून जातं, माणसांच्या संख्येत सांगितलं तर कुणालाही कळतं, बातमीत असंच लिहा की.

अजून एक, "आता नशीब फिरणारच" हा समज. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कसिनोत रोलेटवर, म्हणजे लाल-काळ्या खणांच्या जुगाराच्या चाकावर, ओळीनं २६ वेळा काळा आला आणि दर वेळी लोक लालवर जास्त जास्त पैसे लावत गेले कारण आता लाल यायलाच पाहिजे, आणि बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. मग लोक विचारतात की गणितज्ञ याकोब बर्नुलीचा १७१३ मध्ये छापलेला मोठ्या संख्यांचा नियम खोटा का, नाणं खूप वेळा उडवलं की शेवटी छाप्यांचं प्रमाण निम्म्यावर येतंच ना? येतं, पण मागची भरपाई होऊन नाही येत. नाणं ओळीनं दहा वेळा छापा पडलं, पुढच्या हजार वेळा सरासरीनं ५०० छापे, एकूण १०१० मध्ये ५१०, म्हणजे ५०.५ टक्के. ते दहा तिथेच आहेत, फक्त गर्दीत दिसेनासे झालेत. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असलेल्या जॉन केरिक नावाच्या गणितज्ञानं खरंच नाणं दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या, छापे आले ५०६७. टक्क्यांत बघितलं तर निम्म्याच्या अगदी जवळ, मोजणीत मात्र ६७ नी पुढे.

ह्यातूनच दुसरी गोष्ट निघते, ७० टक्के शक्यता सांगितली आणि पाऊस नाही आला की "अंदाज फसला" असा मथळा येतो. ७० टक्के म्हटलेल्या सगळ्या दिवसांचा हिशोब मांडा, त्यातल्या साधारण ३० टक्के दिवशी पाऊस नाही पडला तर अंदाज चांगलाच आहे, दर वेळी पडला तर उलट अंदाजातच गडबड आहे. एका दिवसावरून काहीच ठरत नाही. वर्षाच्या शेवटी असा हिशोब एखाद्या वर्तमानपत्रानं छापला तर मी तरी आधी तेच पान उघडेन.

आणि "धोका दुप्पट" बद्दल. ब्रिटनमध्ये १९९५ साली काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो अशी सरकारी सूचना निघाली आणि सगळीकडे तेच छापलं गेलं. दुप्पट म्हणजे ७००० बायकांमागे एकीच्या जागी दोघी. घाबरून खूप जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी तिथले गर्भपात हजारांनी वाढले, शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. बातमीत "७००० मध्ये एकऐवजी दोन" एवढे चार शब्द असते तर!

तेव्हा आपल्या संपादकीय विभागाला कळकळीची विनंती आहे, शक्यतेचा आकडा असेल तिथे एक ओळ जास्त द्या, किती जणांपैकी, किती काळात, कुठल्या अटीवर, आणि दुप्पट-तिप्पट असेल तर मूळ आकडा. जागेसाठी फोटो थोडा लहान केला तरी चालेल. आणि बातमी देणाऱ्या संस्थेनंच ही माहिती दिली नसेल तर तसं स्पष्ट छापा, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना ती द्यावी लागेल.

आपला नम्र,
एक वाचक