डिपॉझिट परत कसं मिळवायचं ते कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमच्या पुरवणीत विद्यार्थ्यांनी कॉलेजबाहेर रूम कशी शोधावी यावर अर्धं पान भरून लेख आला. लवकर शोधायला लागा, दोन-चार रूम बघा, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, एजंटचं कमिशन आधी ठरवून घ्या वगैरे. यातलं काही चूक आहे असं नाही. पण लवकर म्हणजे कधी? प्रवेशाची शेवटची यादी लागते आणि लगेच वर्ग सुरू होतात, नंबर कुठल्या कॉलेजात लागणार हेच माहीत नसताना मुलांनी कुठल्या भागात रूम बघायची? शेवटी मिळेल ती घ्यावी लागते, आणि ही घाई एजंटला आणि मालकाला पक्की ठाऊक असते म्हणूनच पुढे सरकवलेल्या कागदावर मुलं उभ्याउभ्या सह्या करून मोकळी होतात.

आणि डिपॉझिटवर अख्ख्या लेखात एक ओळ, की डिपॉझिट किती ते आधी विचारा. अहो, किती ते कुणाला विचारावंच लागत नाही, कुलूप उघडायच्या आधी मालक स्वतःच सांगतो! ते परत कसं मिळवायचं हे लिहायला हवं होतं.

माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी घेतलेली रूम त्यांनी यंदा परीक्षा झाल्यावर सोडली. नोटीस वेळेवर दिली, लाईटबिल भरलं, घर झाडून-पुसून ठेवलं, मी स्वतः त्या दिवशी तिथे होते. मालक आले, एक चक्कर मारली, खिडकीखालच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, पूर्ण घराला रंग काढावा लागणार, डिपॉझिट त्यातच जाईल. त्या भिंतीला ओल होती. पोपडे सुटलेले, हात लावला की चुना बोटांना यायचा, पावसात तर पार खालच्या स्कर्टिंगपर्यंत डाग उतरायचा. पण ही ओल मुली राहायला गेल्या त्या दिवशीही होती! मुलीने पहिल्याच आठवड्यात फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि त्यावर 'प्लंबर पाठवतो' असं त्यांचं उत्तरही आहे. प्लंबर काही आला नाही. मुलींनी कॉट भिंतीपासून लांब ओढली आणि तशाच राहिल्या.

तो मेसेज मी त्यांना तिथेच उघडून दाखवला. म्हणाले, ते वेगळं, रंगाचं वेगळं. मग मी म्हटलं ठीक आहे, रंगाऱ्याचं बिल द्या, जेवढं असेल तेवढं कापा आणि बाकीचे परत करा, तर म्हणाले बिल कशाला, तुमचा विश्वास नाही का. चावी त्यांच्या हातात गेली आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

पुढचं ऐका. त्याच रूममध्ये आता मुलीच्या कॉलेजातली ज्युनियर मुलं राहायला आली आहेत. त्यांच्याकडून फोटो मागवला, तर भिंत तशीच, तोच डाग, तेच पोपडे. रंगाचा एक हातही मारलेला नाही आणि या मुलांकडून नवीन डिपॉझिट घेऊन झालंय. म्हणजे ती सोडून जातील तेव्हा याच भिंतीपायी त्यांचेही पैसे जाणार, आणि त्यांच्यानंतर येतील त्यांचेही. एका ओल आलेल्या भिंतीवर दरवर्षी कमाई चालली आहे आणि ती अशा मुलांच्या पैशांवर, ज्यांच्या आईवडिलांनी ते कर्ज काढून नाहीतर सोनं गहाण ठेवून दिलेले असतात. माझा संताप यासाठी आहे.

केंद्र सरकारने 2021 मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्टचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं आणि घराचा ताबा परत घेताना जी देणी असतील ती कापून ते परत द्यायचं, असं लिहिलंय. कुठली दुरुस्ती कुणी करायची याचीही यादी आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी आणि दारंखिडक्यांचा रंग मालकाकडे, नळाचा वॉशर, बटणं, खिडकीची काच भाडेकरूकडे. पण हा नुसता नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. इंग्लंडमध्ये 2019 पासून डिपॉझिटला साधारण पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, शिवाय तिथे नेहमीच्या भाडेकरारात मालकाला ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं. वाद झाला तर दोघांची तयारी असेल तेव्हा योजनेतला त्रयस्थ माणूस कागद आणि फोटो बघून निकाल देतो. कॅलिफोर्नियात घर सोडल्यावर 21 दिवसांत पैसे, नाहीतर कशाचे किती कापले त्याचा लेखी हिशेब द्यावा लागतो. परदेशी शिकायला जाणारी मुलंही तुमचा पेपर वाचतात, त्यांना तरी हे कळलं असतं.

आणि मुलांना एवढं ठळक अक्षरात सांगा की चावी घ्यायच्या दिवशीच प्रत्येक भिंत, नळ, पंखा, खिडकीची काच, मीटरचं रीडिंग, सगळं कागदावर उतरवा, त्यावर मालकाची सही घ्या आणि तो कागद ॲग्रीमेंटला जोडा. सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. आमच्याकडे फोटो होता, उत्तर होतं, पण सही नव्हती आणि मालकाने त्याचाच फायदा घेतला. एकाच ॲग्रीमेंटवर सगळ्यांच्या सह्या असतील तर एकजण मध्येच सोडून गेला की त्याचं भाडं उरलेल्यांकडून वसूल होऊ शकतं, हेही त्यांना आधी कळायला हवं. तुमच्या लेखात मित्रांबरोबर राहिलं की खर्च वाटला जातो एवढंच आहे.

आता लिहितेच आहे तर अजून एक. लेखाच्या खालीच तुमच्या पेपरात भाड्याच्या घरांच्या जाहिराती असतात. 'कॉलेजपासून पाच मिनिटं' असं छापलेली एक रूम आम्ही बघायला गेलो होतो. मध्ये रेल्वे लाईन, पूल पार पलीकडच्या टोकाला, चालत अर्धा तास लागतो. रात्री लायब्ररीतून परतणाऱ्या मुलीसाठी हा अर्धा तास फार मोठा असतो. जाहिरातीचे पैसे घेता तेव्हा पत्ता आणि खरं अंतर छापायची अट घाला की, वाचक तुमच्या नावावर विश्वास ठेवून तिथे जातात.

पुढच्या आठवड्यात डिपॉझिटवर सविस्तर लेख द्यावा ही विनंती. भिंतीचे दोन्ही फोटो, मुलीने काढलेला आणि आताच्या मुलांनी पाठवलेला, माझ्याकडे आहेत. छापणार असाल तर मालकाचं नाव-पत्ता झाकून लगेच पाठवते.

आपली,
एक पालक