डॉक्टर आमदारांस खुले पत्र: यंत्राआधी पदे मागा

सन्माननीय सदस्य,
स. न. वि. वि.

वैद्यकीय पदवी घेऊन विधिमंडळात गेलेल्या, कोणत्याही पक्षाच्या सदस्यांसाठी हे पत्र आहे. रुग्णालय आतून कसे चालते हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आपला निधी आणि सभागृहातला आपला प्रश्न, दोन्ही नेमके असावेत, ही आमची कळकळीची विनंती.

आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये. त्यातून दहा व्हेंटिलेटर द्यायचे ठरले, तर शिफारसपत्रावर सही करण्याआधी वॉर्डाचा हिशेब मांडून पाहा. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका, म्हणजे तीन पाळ्यांना ३०. सुट्या आणि रजांसाठी ३० टक्के राखीव धरल्या की ३९. आकृतिबंधात, म्हणजे रुग्णालयाच्या मंजूर पदांच्या आराखड्यात, ही पदे नसतील, तर यंत्रे आवरणातच राहतात. पगारासारखा आवर्ती खर्च आमदार निधीतून होत नाही. तेव्हा पदनिर्मितीचा पाठपुरावा आधी, खरेदी नंतर.

पुढचा अडथळा ऑक्सिजनचा. आयसीयूतल्या बहुतेक व्हेंटिलेटरना पाइपलाइनमधून सुमारे ४ बार दाब लागतो; हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे छोटे यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, तो देऊ शकत नाही. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर वायू असतो. मिनिटाला १५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो पावणेआठ तास पुरतो, हाय फ्लोवर, म्हणजे नाकातल्या नळीने जोराचा प्रवाह देणाऱ्या यंत्रावर, ६० लिटर घेणाऱ्याला दोन तासही नाही. रुग्णालयातच हवेतून ऑक्सिजन तयार करणारा पीएसए प्लांट असला तरी त्यातले झिओलाइट, म्हणजे नायट्रोजन शोषून घेणारे खडे, ओलाव्याने निकामी होते. ठाण्याच्या पावसाळ्यात एअर ड्रायर बिघडलेला असेल किंवा प्लांट नुसता पडून राहिला, तर शुद्धता घसरते. बहुतेक व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन सेन्सर तर वापरा किंवा न वापरा, वर्षा-दोन वर्षांत संपतो. म्हणून अंदाजपत्रकातच सेन्सर, बॅटरी आणि सर्वसमावेशक देखभाल करार मागून घ्या. निधी देणाऱ्याने हे विचारले नाही, तर पुढे कुणीच विचारत नाही.

आता सभागृहातल्या प्रश्नाविषयी, कारण खरी गळती इथे आहे. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. सिव्हिल रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. पण कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आणि वाशी, नेरुळ, ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालये नवी मुंबई महापालिकेची. महापालिका नगरविकास विभागाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या रुग्णालयातल्या रिक्त पदांचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांच्या नावाने गेला, तर विभाग बदलण्यातच वेळ जातो. प्रश्न लिहिण्याआधी मालक कोण ते पाहा.

शब्दरचनाही तितकीच महत्त्वाची. “आरोग्य व्यवस्था कोलमडली आहे, हे खरे आहे काय?” असे विचारले की उत्तर येते, “हे खरे नाही.” त्यापाठोपाठच्या, “असल्यास” ने सुरू होणाऱ्या उपभागांना “प्रश्न उद्भवत नाही.” एका शब्दात सगळा प्रश्न संपतो. त्याऐवजी रुग्णालयाचे नाव, तारीख, मंजूर पदे आणि भरलेली पदे यांचे आकडे प्रश्नातच घाला. निदान “हे अंशतः खरे आहे” एवढे तरी मान्य करावे लागते, आणि तिथून उपप्रश्नाला वाट मिळते.

आणखी एक विनंती, जरा अवघड. एका रुग्णाला आयसीयूत खाट मिळावी म्हणून आपला फोन आला की ड्युटीवरचा निवासी डॉक्टर गोंधळतो, आणि ज्याची ऑक्सिजन पातळी जास्त खालावली आहे त्याची खाट जाऊ शकते. तातडीचा क्रम कसा लावतात हे आपण शिकला आहात. त्या क्रमाला हात लावू नका, खाटा वाढवा.

डॉक्टराने सभागृहात बसून काय साधावे, याचे उदाहरण आपल्या देशात जुने आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ मध्ये मद्रास विधान परिषदेत उपाध्यक्षा झाल्या, देवदासी प्रथेविरुद्ध विधेयकासाठी झटल्या, १९३० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अड्यारची कर्करोग संस्था सुरू झाली ती १९५४ मध्ये. सदस्यत्व गेले तरी काम धरून ठेवले, म्हणून ती उभी राहिली.

येत्या पावसाळी अधिवेशनात एक प्रश्न तरी लावा. शहापूर आणि मुरबाडमध्ये भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात. विषबाधेची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या सर्पविषरोधक द्यावे लागते, आणि लहान मुलालाही मात्रा तेवढीच. केंद्रात चारच कुप्या असतील, तर रुग्ण अर्धवट मात्रेवर ठाण्याच्या रस्त्याला लागतो. म्हणून असे विचारा: “शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात १ जून रोजी सर्पविषरोधकाच्या किती कुप्या होत्या, त्यांची मुदत कधी संपते, रात्रपाळीला वैद्यकीय अधिकारी हजर होते काय, आणि मात्रा पूर्ण न करता किती रुग्ण पुढे पाठवले?” साठ्याची नोंद ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीत असते, बाकीची केंद्राच्या नोंदवहीत. उत्तर द्यायला कोणतीही समिती नेमावी लागणार नाही.

आपले,
ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिक रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधनिर्माते